सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि आंबोलीचा भेक : एक खुले पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सडे, जंगले आणि घाटरस्ते यांविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : आंबोली परिसरातील जांभ्याच्या सड्यांचे आणि त्यांवर जगणाऱ्या भेक-बेडकांचे संरक्षण

महोदय, महोदया,

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गावालगतच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जेसीबी आला. पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचा होता. तीन दिवसांत सड्याच्या एका मोठ्या तुकड्यावरचे सगळे खळगे मुरूम टाकून बुजवले गेले, सुटे दगड एका कडेला ढकलून त्यांचा ढीग केला गेला आणि वरून रोलर फिरला. या कामाची कुणकुण लागताच मी लेखी हरकत घेतली होती. तिचे उत्तर काम संपल्यानंतर आले. त्याचा आशय असा होता की सदर जागेची सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंद आहे, तेथे एकही झाड नाही आणि म्हणून पर्यावरणाच्या हानीचा प्रश्नच उद्भवत नाही. हे उत्तर कोणत्या कार्यालयाचे होते हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. त्या कारकुनाने त्याच्यासमोरच्या कागदावर जे होते तेच लिहिले. तक्रार आहे ती त्या कागदाबद्दल, आणि तो बदलण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाकडे ना कोणाकडे आहे, म्हणून हे पत्र सर्वांच्या नावे आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगायला हवे. मी अठ्ठावीस वर्षे या तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. त्याआधी, महाविद्यालयात असताना, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून कितीतरी बेडूक कापले. हृदय कुठे, यकृत कुठे, हे मला डोळे मिटूनही दाखवता येत असे; पण तो प्राणी कुठे राहतो, कधी अंडी घालतो आणि पावसाळ्यानंतरचे आठ महिने काय करतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते मी आमच्या सड्यावर, शाळेतल्या मुलांबरोबर शिकले. दर वर्षी वळवाचा पहिला मोठा पाऊस कधी झाला, पहिली हाक कोणत्या रात्री ऐकू आली, कोणत्या खळग्यात अंडी दिसली आणि तो खळगा कधी आटला, याच्या नोंदी आम्ही वहीत करत गेलो. त्या वह्या आजही माझ्याकडे आहेत. त्यांत ज्या खळग्यांना मुलांनी नावे दिली होती, त्यांपैकी बरेच आता मुरमाखाली आहेत.

ज्या प्राण्यासाठी मी हे लिहीत आहे तो म्हणजे आंबोलीचा भेक, आपल्याकडचे निसर्गप्रेमी ज्याला आंबोली टोड म्हणतात तो. तळहातावर सहज मावेल एवढा, खरखरीत अंगाचा, आणि कुशींवर वाघाच्या पट्ट्यांची आठवण करून देणारे पिवळे पट्टे. झँथोफ्रायने टायगरिना हे त्याचे शास्त्रीय नाव या पट्ट्यांवरूनच पडले आहे. सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच शोधनिबंधात या भेकासाठी एक नवी प्रजातीही (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) निर्माण केली. त्या प्रजातीत जगभरात दोनच जाती आहेत. दुसरी जात कोयनेच्या परिसरातली, जिचे वर्णन १९६३ सालीच झाले होते. म्हणजे ही सबंध प्रजाती सह्याद्रीची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत कोयनेचा भेक संकटग्रस्त आहे आणि आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त, म्हणजे निसर्गातून कायमचा नाहीसा होण्याच्या आधीच्या शेवटच्या वर्गात आहे. त्याचे ज्ञात क्षेत्र अतिशय लहान आहे आणि त्या लहान क्षेत्रातून रस्ता जातो, त्यात हॉटेले उभी राहतात आणि पावसाळ्यात हजारो माणसे येतात, हेच त्या वर्गीकरणाचे कारण आहे.

हा भेक सड्याशी कसा बांधलेला आहे हे कळल्याशिवाय माझी हरकत काय होती ते कळणार नाही. मे महिन्यात सड्यावर पाय ठेवला तर चटका बसतो. काळपट जांभा, वाळलेले गवत आणि सुटे दगड यांखेरीज तेथे काही दिसत नाही. सातबाऱ्यावरची नोंद करणारा माणूस बहुधा याच दिवसांत तेथे गेला असावा. मग वळीव येतो. एका रात्रीत खळगे भरतात, कोणता परातीएवढा, कोणता टोपल्याएवढा, बहुतेकांत पायाच्या घोट्याएवढेसुद्धा पाणी नाही. त्याच रात्री किंवा त्यानंतरच्या दोन-तीन रात्रींत आजूबाजूच्या झाडीतून आणि दगडांखालून हे भेक सड्यावर येतात. नर खळग्यांच्या काठी बसून हाका देतात, मादी येते, आणि त्या उथळ पाण्यात अंडी पडतात. पुष्कळ भेकांची अंडी जेलीच्या लांब माळेत असतात. या भेकाची अंडी पुंजक्याने असतात. मग सुरू होते ती शर्यत. पाणी आटण्याआधी अंड्यातून पिल्लू, पिल्लाला पाय, आणि पाय फुटलेल्या, नखाएवढ्या भेकाने दगडाखाली आसरा घेणे. मृगात पावसाने दडी मारली तर खळगा आटतो आणि आतली पिल्ले त्याच्या तळाशी चिकटून मरतात. त्यांना वाचवायला माणसाने जाऊ नये, हे मी मुलांना नेहमी सांगत असे, कारण त्या खळग्यांतले काही आटणे आणि काही न आटणे यांच्या जमाखर्चावरच ही जात लाखो वर्षे टिकली आहे. तळी आणि नद्या टाळून हा प्राणी उथळ खळगे निवडतो, बहुधा त्यात पिल्लांना खाणारे मासे नसतात म्हणून. ज्याला आपण डबके म्हणून बुजवतो, ते त्याचे संपूर्ण बाळंतघर आहे.

आणि तेथे तो एकटा नाही. सड्यांवरच्या आणि कड्यांवरच्या जांभ्याच्या ओल्या भिंतींवर राहणाऱ्या एका उडी मारणाऱ्या बेडकाचे वर्णन २०१४ साली आंबोलीतूनच झाले, आणि संशोधकांनी त्याला नाव दिले ते आपल्या बोलीतले : इंडिराना चिरावासी, चिऱ्यावर राहणारा. आंबोलीतल्याच एका देवगांडुळाला, पाय नसलेल्या आणि जमिनीत राहणाऱ्या उभयचर प्राण्याला, २००३ साली मुंबईचे ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले. ते सुटे दगड, जे रोलरच्या वाटेतून बाजूला ढकलले गेले, त्यांच्याखाली उन्हाळ्यातली शेवटची ओल असते. वर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांविषयी आणि गेंदांविषयी मी लिहीत नाही, कारण फुलांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार महसुली नोंदीविषयी आहे. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. शेतसारा ठरवण्यासाठी हा शब्द योग्यच होता. पण आज हाच शब्द जमिनीवर काही जगते की नाही हे ठरवण्यासाठी वापरला जातो, आणि शासकीय योजनांत असे सडे सरसकट पडीक जमीन म्हणून मोजले जातात. झाड नाही म्हणजे पर्यावरण नाही, हा समज इतका घट्ट आहे की एका बाजूला जंगलातली दहा झाडे तोडायची तर परवानगी लागते आणि दुसऱ्या बाजूला लाखो वर्षांत तयार झालेला सडा एका सहीने सपाट करता येतो. तोडलेल्या जागी झाड पुन्हा लावता येते. जांभ्याचा खळगा बुजवल्यावर तो पुन्हा खणून देणारे यंत्र अजून निघालेले नाही, कारण त्या खळग्याची खोली, त्याचा उतार, त्यात साचणारा गाळ आणि त्यावर वाढणारे शेवाळ हे सगळे मिळून तो खळगा होतो.

याच समजाचे दुसरे टोक म्हणजे सड्यावरचे वृक्षारोपण. ते चांगल्या हेतूने होते, हे मला मान्य आहे. मी स्वतः शाळेतल्या मुलांना घेऊन अशा एका मोहिमेत गेले होते आणि त्याचा मला आज खेद वाटतो. कोकणात ठिकठिकाणी कातळ फोडून, खड्डे करून, बाहेरची माती आणून त्यात ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या गेल्या. आंबा-काजूच्या बागांसाठीही तेच होते, आणि तेथे निदान शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न असतो. पण ज्या सड्यावर निसर्गाने झाड ठेवले नाही तेथे सरकारी खर्चाने सावली केली, तर उन्हात तापणारे आणि पावसात भरणारे खळगे राहत नाहीत, आणि त्यांबरोबर त्यांत अंडी घालणाराही राहत नाही.

तिसरी तक्रार रस्त्याची. भेक झाडीतून सड्याकडे येतो तो पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, आणि नेमक्या त्याच पावसाची वाट पाहून शहरांतून गाड्या घाटात येतात. शनिवारच्या रात्री पाऊस लागला तर रविवारी सकाळी डांबरावर काय दिसते, ते मी अनेक वर्षे पाहत आले आहे. मेलेल्यांत अंड्यांनी भरलेल्या माद्या असतात, आणि त्यांच्याबरोबर त्या वर्षीची पिढीही जाते. वाहनांखाली चिरडले जाणे हा या भेकाला असलेला एक मुख्य धोका आहे, हे संशोधकांनी फार पूर्वीच नोंदवलेले आहे. नागपूरकडून शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात वाघांना पलीकडे जाता यावे म्हणून रस्ता खांबांवर उचलला गेला, आणि ते योग्यच झाले. भेकाला रस्ता उचलून नको आहे. त्याला कडेला हातभर उंचीची आडभिंत आणि रस्त्याखालून जाणारी, तळाला ओल राहील अशी एक रुंद मोरी पुरते. रस्त्याचे डांबरीकरण दर काही वर्षांनी होतेच. त्या अंदाजपत्रकात या मोऱ्या बसवणे अवघड नाही. इंग्लंडात भेकांच्या हंगामात गावोगावचे स्वयंसेवक रात्री रस्त्यावर उभे राहून त्यांना बादल्यांतून पलीकडे नेतात. आम्हीही ते करायला तयार आहोत, पण वेगाने येणारी गाडी आमच्या हातातल्या विजेरीने थांबत नाही.

रात्रीच्या भटकंतीविषयीही लिहिले पाहिजे, जरी त्यातल्या अनेकांशी माझा स्नेह आहे. आंबोलीचे बेडूक प्रसिद्ध झाले ते या छायाचित्रकारांमुळे आणि त्यातून गावातल्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळाले. पण एका खळग्याभोवती पंधरा माणसे विजेऱ्या घेऊन बसली की नर हाक थांबवतो, आणि अशा मोजक्याच रात्री त्याच्या वाट्याला असतात. चांगल्या चित्रासाठी भेक उचलून दुसऱ्या पानावर ठेवणे तर सर्रास चालते. यात आणखी एक धोका आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. उभयचरांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभरात हाहाकार केला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ जातींची घट झाली आणि त्यांपैकी ९० जाती नाहीशा झाल्याचे मानले जाते. ही बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे. आपल्याकडे तिने तशी साथ पसरवल्याचे दिसलेले नाही, पण एका घाटातला चिखल बुटांना लावून दुसऱ्या घाटात जाणाऱ्या माणसांनी बूट धुवावेत एवढी साधी अटसुद्धा आपण घातलेली नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणी तर कातडीतूनच पितो. त्याच्या कातडीला लागलेली प्रत्येक गोष्ट, मग ती बुरशी असो, कीटकनाशक असो किंवा माणसाच्या हातावरचे डास पळवायचे मलम असो, थेट त्याच्या शरीरात जाते.

पाचवी गोष्ट संशोधनाची आहे आणि ती मी शिक्षिका म्हणून अधिक पोटतिडकीने लिहीत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम घाटातून नव्या बेडकांची वर्णने एकामागून एक आली. केवळ २०१४ साली एकाच शोधनिबंधात नाचऱ्या बेडकांच्या १४ नव्या जाती प्रसिद्ध झाल्या. भारतातल्या उभयचरांच्या जाती आज साडेचारशेच्या वर गेल्या आहेत. नवी जात सापडली की वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि आपण सर्वजण अभिमान व्यक्त करतो. त्यानंतर ती जात किती आहे, वाढते आहे की घटते आहे, हे मोजण्यासाठी मात्र कोणाकडे पैसा नसतो. नाव देणे एका मोसमाचे काम असू शकते. घट ओळखायला सलग दहा-पंधरा पावसाळे त्याच खळग्यांपाशी बसावे लागते, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात ते होत नाही. जगातल्या ८,०११ उभयचर जातींच्या स्थितीचा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, कोणत्याही पृष्ठवंशी गटापेक्षा अधिक. २००४ नंतर ज्या जातींची स्थिती बिघडली, त्यांत हवामानबदल हे सर्वांत मोठे कारण म्हणून पुढे आले. ज्या भेकाचे सगळे पुनरुत्पादन मे-जूनच्या पावसाच्या वेळापत्रकावर बेतलेले आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ काय होतो, हे सांगू शकेल अशी सलग शास्त्रीय नोंद असायला हवी. ती शाळकरी मुलांच्या वह्यांवर सोडून चालणार नाही.

आणि कायदा. पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ साली निघाला आणि सहावा जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांत सहा मसुदे. त्या वादात मला येथे शिरायचे नाही, कारण या भेकासाठी तेवढे थांबण्याची गरजही नाही. याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराच्या पाण्यात २०२० साली माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ साली राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. एका वर्षाच्या आत! तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्यासाठी वापरलेला २००२ चा जैवविविधता कायदा तोच आहे, तालुका तोच आहे. मग ज्या भेकाची ओळख जगाला २००९ सालीच झाली, त्याच्या एकाही सड्याला तसे संरक्षण का मिळू नये? १९८७ साली याच देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली होती. वर्षाला हजारो टनांचा आणि परकीय चलन मिळवून देणारा तो व्यापार होता, तरी तो बंद झाला. येथे तर फक्त काही खळगे न बुजवण्याचा प्रश्न आहे.

माझ्या, आणि ज्या ग्रामस्थांनी या पत्राला संमती दिली आहे त्यांच्या, मागण्या अशा आहेत.

आंबोली परिसरातील ज्या सड्यांवर या भेकाचे प्रजनन होते ते संशोधक आणि स्थानिक जाणकार यांच्याकडून नकाशावर आखून घ्यावेत, आणि संबंधित ग्रामपंचायतींशी व जमीनमालकांशी बोलून त्यांना जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली वारसास्थळाचा दर्जा द्यावा. जेथे सडा खाजगी मालकीचा आहे तेथे मालकाला त्याचा मोबदला किंवा नियमित मानधन मिळावे. गावच्या माणसाचे नुकसान करून भेक वाचवावा, अशी आमची मागणी नाही.

तोपर्यंत, म्हणजे आजपासूनच, सड्यावरचे वाहनतळ, सुशोभीकरण, उंच खांबांवरचे दिवे, मुरूम भरणे आणि वृक्षारोपण थांबवावे. पोटखराबा या नोंदीच्या आधारे कोणत्याही सड्यावर कामाला मंजुरी देण्यापूर्वी एका पावसाळ्याची पाहणी बंधनकारक करावी. उन्हाळ्यातली पाहणी ग्राह्य धरू नये.

वळवाच्या पहिल्या पावसापासून जूनअखेरपर्यंत, ज्या रात्री मोठा पाऊस असेल त्या रात्री, भेक ओलांडतात त्या ठरावीक टप्प्यांवर गाड्यांचा वेग पोलीस आणि वनरक्षकांच्या उपस्थितीत नियंत्रित करावा. रुग्णवाहिका, एसटी आणि गावकऱ्यांच्या गाड्या अडवू नयेत. पर्यटकांच्या गाड्या रात्री काही तास थांबल्या तर कोणाचेही काही बिघडत नाही. पुढच्या डांबरीकरणात मोऱ्या आणि आडभिंती समाविष्ट कराव्यात.

रात्रीच्या भटकंतीसाठी स्थानिक वाटाड्यांना प्रशिक्षण व ओळखपत्र द्यावे, एका गटातली माणसे मर्यादित ठेवावीत, प्राण्याला हात लावण्यास मनाई करावी आणि बूट निर्जंतुक करण्याची सोय प्रवेशापाशी करावी. यातून येणारे शुल्क ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जावे. ही समिती कायद्याने प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी. गावातल्या सजीवांची नोंद ठेवणारी लोकजैवविविधता नोंदवही कपाटात न राहता दर पावसाळ्यात तिच्यात नवी पाने भरली जावीत.

किमान पंधरा वर्षांच्या निरीक्षणासाठी निधी राखून ठेवावा. ठरावीक खळगे, ठरावीक रात्री, हाका टिपणारी ध्वनिमुद्रण यंत्रे, पाऊस आणि तापमान यांची नोंद, आणि या सगळ्यासाठी गावातली दोन-चार शिकलेली मुले पगारी. विद्यापीठातल्या संशोधकांनी यावे, मार्गदर्शन करावे, शोधनिबंध लिहावेत. पण नोंदीची एक प्रत गावात आणि मराठीत राहिली पाहिजे.

आणि शेवटची मागणी आमच्या सड्याविषयी. वाहनतळाचे पुढचे काम, म्हणजे पेव्हर ब्लॉक बसवणे, अजून झालेले नाही. ते होऊ नये. टाकलेला मुरूम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, यंत्राने न खरवडता, माणसांच्या हातांनी काढावा. त्यासाठी गावातली तीस-चाळीस माणसे श्रमदानाला तयार आहेत आणि तशी सह्यांची यादी मी संबंधित कार्यालयात दिली आहे. बुजलेले सगळे खळगे परत मिळतील असे मला वाटत नाही. कडेचे काही खळगे मुरमाखाली अजून तसेच असावेत, कारण या जूनमध्ये त्या बाजूने दोन रात्री हाका ऐकू आल्या. भरावाच्या काठाशी, चाकाच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यात, अंडीही पडलेली होती. चौथ्या दिवशी त्यावरून गाडी गेली.

या मागण्यांना लेखी उत्तर मिळावे आणि सड्याच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी तारीख कळवावी, ही विनंती. पाहणी पावसात व्हावी. वह्या, खळग्यांचे हाताने काढलेले नकाशे आणि विजेऱ्या घेऊन मी आणि माझे माजी विद्यार्थी तेथे हजर राहू.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सावंतवाडी तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग